रामनगरची कासवे आणि मोजणीचा उत्सव

३ मार्च २०२५ रोजी देशातील नदी-डॉल्फिनांच्या पहिल्या सर्वंकष गणनेचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि बहुतेक मथळ्यांत एकच आकडा झळकला : ६,३२७. आठ राज्ये, २८ नद्या, साडेआठ हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे प्रवाह. काम मोठे आहे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो त्या आकड्याभोवती लगोलग जमलेल्या समाधानाविषयी.

गंगेतला डॉल्फिन जवळजवळ आंधळा. तो ध्वनीच्या प्रतिध्वनीवर जगतो. श्वासासाठी वर येतो तो जेमतेम सेकंद-दीड सेकंद, आणि मग काही मिनिटे गढूळ पाण्याखाली. त्यामुळे ‘दिसले किती’ आणि ‘आहेत किती’ हे दोन वेगळे प्रश्न ठरतात. समजा, एकाच प्रवाहात दोन स्वतंत्र निरीक्षक बसवले. पहिल्याला १० दिसले, दुसऱ्याला ८, आणि त्यांतले ४ दोघांनाही दिसले. पाहिलेले प्राणी १४ झाले. पण दुसऱ्याच्या आठांपैकी पहिल्याने निम्मेच टिपले, म्हणजे पहिल्याची नजर निम्म्यांवरच पडते आणि खरी संख्या २० च्या आसपास असावी. हा हिशेब शाळकरी आहे. मात्र तो करायचा तर दोघांच्या नोंदी वेगवेगळ्या हव्यात, वेळेसह हव्यात, आणि मुख्य म्हणजे नंतर कोणालाही तपासता याव्यात. एकट्या बेरजेतून तो कधीच निघत नाही.

हा हिशेब न केल्याने काय होते, याचे उदाहरण दूरचे नाही. उत्तर प्रदेशात २०१२ च्या मोहिमेत ६७१ डॉल्फिन नोंदले गेले, २०१५ च्या मोहिमेत १,२६३. बातम्या ‘जवळपास दुप्पट’ म्हणून आनंदल्या. तीन वर्षांत हे व्हायचे तर दरवर्षी सुमारे २३ टक्के वाढ हवी. ज्या प्राण्याची मादी प्रौढ व्हायलाच अनेक वर्षे घेते आणि मग दोन-तीन वर्षांनी एक पिल्लू देते, त्याला हे जमणारे नाही. वाढली ती मुख्यतः मोजणी. ही चूक नावेत बसलेल्या स्वयंसेवकांची नव्हे; ती दोन आकडे शेजारी ठेवून बाण वर काढणाऱ्यांची आहे. पण पुढे कधी संख्या खरोखर घटली, तर ‘मागची मोजणीच हौशी होती’ असे सांगून हात झटकले जातील, आणि तेव्हा दोष स्वयंसेवकांच्याच माथी येईल.

आता रामनगरकडे. काशी मराठी माणसाला घाटांमुळे ठाऊक. शिंदे, भोसले, होळकर, पेशवे यांची नावे तिथल्या दगडांत आहेत. समोरचा वाळूचा काठ मात्र कोणी पाहत नाही. रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचे सात किलोमीटर पात्र १९८९ मध्ये कासव अभयारण्य म्हणून घोषित झाले होते. गंगा कृती योजनेत मांसाहारी, मऊ पाठीची कासवे सारनाथच्या केंद्रात वाढवून इथे सोडली जात, ती अर्धवट जळालेले मृतदेह खातील या अपेक्षेने. कासवाला सफाई कामगार मानणारी ती कल्पना विचित्र होती खरी. तरीही तिच्यामुळे त्या पट्ट्यातला वाळूउपसा कायद्याने बंद झाला. २०१८ मध्ये रामनगरला जलमार्गाचे मोठे टर्मिनल सुरू झाले. २०२० मध्ये अभयारण्याची अधिसूचना रद्द झाली आणि संरक्षण वरच्या बाजूला, प्रयागराज-मिर्झापूर-भदोही पट्ट्यात नेण्यात आले. २०२१ मध्ये समोरच्या वाळूत कालवा खोदला गेला, तो पावसाळ्याने गिळला. २०२३ मध्ये त्याच वाळूवर तंबूंचे शहर उभे राहिले.

अभयारण्य रद्द करताना युक्तिवाद असा होता की वाळूउपसा थांबल्याने पूर्वेकडे वाळू साचते आणि घाटांवर दाब येतो. शिवाय तिथे कासवे उरली आहेतच कुठे? पहिल्या मुद्द्यावर नदी-अभियंत्यांनी भांडावे. दुसरा मुद्दा मात्र निर्लज्ज आहे. किती कासवे सोडली, याचा हिशेब सरकार अभिमानाने सांगे. किती जगली, कुठे गेली, कोणत्या वाळूत अंडी घातली, याची वर्षागणिक, लोकांसमोर ठेवलेली नोंद त्या वादात कुठेच दिसली नाही. एकतीस वर्षे न मोजता ‘नाहीत’ म्हणणे, याला पुरावा म्हणत नाहीत.

कोकणात याच्या उलट घडले. वेळासच्या किनाऱ्यावर सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना हाताशी धरून ऑलिव्ह रिडलेची घरटी राखायला सुरुवात केली. पहाटेची फेरी, सापडलेले घरटे, अंड्यांची संख्या, निघालेली पिल्ले : कंटाळवाणे काम, पण तोच किनारा, तीच पद्धत, वर्षामागून वर्ष. पुढे वन विभागाच्या साथीने ते इतर किनाऱ्यांवर पसरले. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली, तेव्हा पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या कासवांबद्दलची समजूत हलली. ती खूण लावणारे शास्त्रज्ञ होते. पण त्या रात्री वाळूवर ती वाचायला कोणी नसते, तर कासव आले तसे गेले असते.

‘हौशी लोकांच्या नोंदी विश्वासार्ह नसतात’ हा आक्षेप म्हणूनच अर्धवट आहे. हौशी नजरेची चूक मोजता येते, वर दाखवल्याप्रमाणे. न ठेवलेल्या नोंदीची चूक मोजता येत नाही. आणि जाणकार म्हणजे कोण? मल्लाहाला डॉल्फिन कोणत्या वळणावर फिरतो हे आधी कळते. चंबळच्या वाळूबेटांवर पाणचिऱ्याची घरटी राखण्यासाठी बीएनएचएसने स्थानिक माणसेच नेमली. पाणचिरा आणि नदी सुरय हे उघड्या वाळूवर अंडी घालतात, तेही ऐन उन्हाळ्यात. कुत्रे, गुरे, ट्रॅक्टर, काहीही ती चिरडू शकते. काशीसमोर तंबू ठोकण्यापूर्वी ती वाळू कोणी पावलापावलाने तपासली होती?

जहाजांचा प्रश्नही असाच आहे. पाण्याखालच्या आवाजाने डॉल्फिनचे ध्वनिवर्तन बदलते आणि त्याच्यावर ताण येतो, हे भारतीय संशोधकांनी २०१९ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये दाखवले. रामनगरच्या धक्क्याजवळ हायड्रोफोन कायमचा बसवणे हे टर्मिनलच्या खर्चापुढे किरकोळ काम आहे. त्याची ध्वनिमुद्रणे बनारस हिंदू विद्यापीठातल्या कोणत्याही विद्यार्थ्याला उघडता यावीत. पुढच्या गणनेत जे स्वयंसेवक नावेत बसतील, त्यांनी टोपी आणि प्रमाणपत्राआधी एक गोष्ट लेखी मागावी : आपण भरलेला तक्ता, वेळ आणि ठिकाणासह, किती दिवसांत सर्वांसाठी खुला होणार. उत्तर मिळाले नाही, तर त्या नावेत चढू नये. काठावर उभे राहून स्वतःची वही भरावी.