एका अँप्लिफायरला डबे किती?

घरी अँप्लिफायर बांधणाऱ्या मंडळींचा एक लाडका हट्ट असतो. प्रीअँप वेगळा, पॉवर अँप वेगळा आणि दोघांचे पॉवर सप्लाय आणखी दोन डब्यांत. का? तर म्हणे आवाज स्वच्छ येतो!

एक मुद्दा कबूल. रेकॉर्ड प्लेयरच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्टचा. शेजारी ट्रान्सफॉर्मर असला की ५० हर्ट्झची गुणगुण आत शिरणारच. हे चुंबकीय क्षेत्र साधारण अंतराच्या घनाप्रमाणे घटतं. अंतर दुप्पट, त्रास एक अष्टमांश. फोनो स्टेजचा ट्रान्सफॉर्मर खुशाल दूर न्या.

पण बाकीचं? दोन डबे, दोन थ्री-पिन प्लग, दोन अर्थ आणि मध्ये सिग्नलची केबल. झाला ग्राउंड लूप! हाकललेली गुणगुण मागच्या दाराने परत. पॉवर अँपचे मोठे कपॅसिटर तर आउटपुट ट्रान्झिस्टरजवळच हवेत, मीटरभर वायरीपलीकडे नाहीत. व्हॉल्व्हवाल्यांच्या त्या वायरीत ३०० व्होल्ट खेळतात. चालू असताना कनेक्टर हातात आला तर?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा रोग ओळखीचा आहे. एका फंक्शनचं काम पाच सर्व्हिसेसमध्ये वाटायचं आणि मग नेटवर्कला शिव्या घालायच्या.

१९७८चा एनएडी ३०२० फोनो स्टेजसकट एकाच डब्यात होता. लोक आजही तो दुरुस्त करून ऐकतात. तेव्हा राव, आधी टोरॉइड जरा फिरवून बघा, अर्थिंग तपासा, गुणगुण मोजा. तरीही हटली नाही, तरच दुसरा डबा. नाहीतर ते पैसे स्पीकरमध्ये घाला.