झाडपाल्याची आंधळी भक्ती

"वनस्पतीच ती, तिने अपाय तो काय व्हायचा?" हे वाक्य आज आमच्या समाजात वेदवाक्यासारखे चालते. वाशीम जिल्ह्यातले धनज असो की पुण्यातली सदाशिव पेठ, रक्ततपासणीच्या कागदावर कोलेस्टेरॉलचा आकडा चढलेला दिसला की कोणी हितचिंतक हजर होतो, डॉक्टरची गोळी म्हणजे विष असे बजावतो आणि चूर्णाची डबी पुढे सरकवतो. झटका येऊन गेलेला घरचा कर्ता पुरुषसुद्धा मग गोळी बंद करतो! या भोळेपणाचा आम्हाला राग येतो, आणि सण आहे म्हणून तो आम्ही गिळणार नाही.

वनस्पती निरुपद्रवी? मग कण्हेर कोण? धोतरा कोण? आणि गंमत अशी की, ज्या गोळीला 'केमिकल' म्हणून नाक मुरडतात, तिचे मूळही निसर्गातच आहे. १९७०च्या दशकात जपानच्या अकिरा एंडो यांनी या जातीचे पहिले द्रव्य बुरशीतून काढले. १९८७ साली बाजारात आलेले लोव्हास्टॅटिन हेही बुरशीचेच लेकरू! तेव्हा भेद झाडपाला आणि रसायन यांच्यात नाही. पारखलेले आणि न पारखलेले यांच्यात आहे. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरोग्यांवरील चाचणीचा निकाल लागला. पाच वर्षांहून अधिक काळ सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले होते.

"आमच्या गुग्गुळाला परीक्षेला कोण बसवतो?" अशी ओरड होते. तीही खरी नाही. बनारस हिंदू विश्वविद्यालयात जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाचे वर्णन हाती धरून सशांवर गुग्गुळाचे प्रयोग केले आणि १९६६ साली प्रबंध लिहिला. आयुर्वेदावरचे खरे प्रेम ते हे! आपल्याकडच्या पुढील काही चाचण्याही अनुकूल निघाल्या. पण २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर पारख झाली, तेव्हा आठ आठवड्यांत घातक कोलेस्टेरॉल उतरले तर नाहीच, उलट चार-पाच टक्के चढले. २०२२ साली लसूण, हळद, दालचिनी यांसह सहा पूरकांची रोसुव्हास्टॅटिनच्या अवघ्या पाच मिलिग्रॅमशी गाठ घातली. २८ दिवसांत गोळीने आकडा सुमारे ३८ टक्क्यांनी उतरवला; पूरकांपैकी एकही खोट्या गोळीहून सरस ठरले नाही.

कोणी म्हणेल, गोळीने स्नायू दुखतात. दुखतात, काहींचे. थोड्यांची रक्तशर्कराही वाढते. मग ते डॉक्टरांना सांगावे, मात्रा कमी करून घ्यावी, गोळी बदलून घ्यावी. आणि रुग्णाला दोन शब्द समजावून न सांगता चिठ्ठी खरडणाऱ्या डॉक्टरांनीही हे ऐकावे: तुमच्या मौनामुळेच डबीवाल्याचे फावते.

त्याचे फावण्याचे दुसरेही कारण आहे. ताप उतरला की कळतो, खोकला थांबला की कळतो. कोलेस्टेरॉल मात्र चढतानाही दुखत नाही आणि उतरतानाही सुखावत नाही. म्हणून निकामी चूर्ण घेणाराही "मला बरे वाटते" असे शपथेवर सांगतो. तो खोटे बोलत नाही. पण त्याची रक्तवाहिनी त्याला विचारून तुंबत नाही!

हृदयविकार, मधुमेह, लठ्ठपणा यांवरील औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ सालापासून आहे. तरीही २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यावरच पतंजलीने फसव्या जाहिरातींबद्दल वृत्तपत्रांतून जाहीर माफी मागितली. कायदा पुस्तकात झोपला की बाजार जागा होतो.

तेव्हा वाचकहो, चकली-अनारशांवर हात आखडता घ्या, पायी फिरा, जेवणात लसूण हवी तितकी खा. चूर्ण घ्यायचेच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या. पण त्यासाठी गोळी सोडू नका. आणि चूर्ण देणाऱ्याला एवढेच विचारा: "दोन महिन्यांनी रक्त तपासू, आकडा उतरला नाही तर जबाबदारी तुमची ना?" जो हो म्हणेल त्याच्याशी पुढे बोलता येईल. जो रागावेल, त्याची डबी त्याच्याच हाती परत द्या.