चावी आपली, गाडी आपली. कोड मात्र कंपनीचा

सोलापूरकरांनो, गाडी सेल्फ मारते पण चालू होत नाही, किंवा चालू होऊन दोन सेकंदात बंद पडते, आणि मीटरवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकतो. असं झालं की सल्ला ठरलेला: ‘टोइंग लावा, शोरूमला न्या.’ तिथं पुष्कळदा पहिलंच वाक्य येतं, ‘ईसीएम गेलाय.’ आकडा ऐकून माणूस खुर्चीतच बसतो!

कधी तो खरंच गेलेला असतो. पण आधी बाकीचं तपासा की ओ.

इमोबिलायझर म्हणजे जादू नाही. चावीच्या प्लास्टिकमध्ये बारकी चिप असते, इग्निशन लॉकभोवती तारेची रिंग. चावी फिरवली की रिंगमधून चिपला वीज मिळते, चिप आपला कोड सांगते आणि तो जुळला तरच इंजिन चालू राहतं. या चिपला सेल लागत नाही. रिमोटचा सेल दरवाजे उघडण्यापुरता, तो बदलून हा बिघाड जात नाही. (बटण स्टार्टवाल्या गाड्यांचं गणित वेगळं.)

म्हणून पहिलं काम, घरातली दुसरी चावी लावून बघा. त्या चावीनं गाडी चालू झाली तर दोष पहिल्या चावीत, ईसीएमचा विषयच संपला. चावीचं नवं कव्हर रस्त्यावर बदलून घेतलं असेल तर जुनं कव्हर शोधा. चिप त्यातच राहून गेलेली असते, हे फार घडतं. दोन्ही चाव्या चालत नसतील तर बॅटरी आणि तिचे टर्मिनल, फ्यूज, रिंगचं कनेक्टर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर बसते, आणि सेल्फ मारताना व्होल्टेज पडलं की कोड वाचायलाही अडचण येते. मग स्कॅनर. ‘चावी ओळखली नाही’ आणि ‘ईसीएमशी संपर्क नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. स्कॅनवर नेमकं काय आलं, ते लेखी मागा.

आता खरा मुद्दा. हे सगळं आपल्या गल्लीतला ऑटो इलेक्ट्रिशियन करू शकतो, पण नवी चावी गाडीला ओळख करून द्यायची म्हटलं की कंपनीचं सॉफ्टवेअर आणि कोड लागतो. तो त्याला मिळत नाही. स्पर्धा आयोगानं 25 ऑगस्ट 2014 ला 14 कार कंपन्यांना सुमारे 2,545 कोटींचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी: सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजला न देणं. प्रकरण अपिलात गेलं. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रानं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. पोर्टल चांगलंच, पण पोर्टलनं चावी प्रोग्राम होत नाही.

‘कोड खुले केले तर चोरांचं फावेल,’ असं कंपन्या म्हणतात. मुद्दा अगदीच खोटा नाही. पण अमेरिकेत नोंदणी आणि पडताळणी झालेल्या चावीवाल्यांना असे कोड मिळतात, कुणी कधी घेतला याची नोंद राहते. आपल्याकडं आरसी आणि मालकाचं ओळखपत्र बघून, फी घेऊन हे का होऊ नये?

तोवर, जुनी गाडी घेताना दोन्ही चाव्या मागा. एकच मिळत असेल तर दुसरीचा खर्च किमतीतून वजा करा. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनीही दोन्ही चाव्या मागते. आणि तपासणी न करता मोठं बिल हातात दिलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा, जुना काढलेला भागही परत मागून घ्या.