तोतया घड्याळ

निवृत्तीनंतरचा वेळ घालवावा कसा, या प्रश्नाचें उत्तर म्हणून आम्हीं वर्षापूर्वीं एक छंद जडवून घेतला. आज त्याचा हिशेब वाचकांपुढें मांडणार आहों. हा छंद घड्याळांचा आहे. तोही भारी घड्याळांचा नव्हे, तर हलक्या किंमतीच्या आणि, स्पष्टच बोलावयाचें तर, तोतया घड्याळांचा.

पानपतानंतर सदाशिवरावभाऊंचें नांव सांगत एक तोतया उठला आणि 1776 मध्यें त्यानें पेशवाईस पुष्कळ तापविलें, हें मराठी वाचकांस सांगावयास नकोच. त्याच जातीचें एक घड्याळ आमच्या पुतण्यानें मुंबईच्या एका पदपथावरून अडीच हजार रुपयांस आणून आमच्या मनगटावर बांधलें. तबकडीवर नांव लाखों रुपयांच्या एका स्विस घड्याळाचें; त्याखालीं 300 मीटर पाण्यांतही टिकेल, अशी ग्वाही. दोन्ही गोष्टी खोट्या.

स्वयंचलित घड्याळास बॅटरी नसते. मनगट हललें कीं आंतील अर्धचंद्राकृति वजन फिरतें आणि कमान गुंडाळली जाते. या वजनास रोटर म्हणतात. मनगटी घड्याळांत ही युक्ति प्रचारांत आणण्याचा मान जॉन हारवुड या इंग्रज कारागिराकडे जातो. त्याचें पेटंट 1924 चें आहे. आमच्या घड्याळाचें मागचें झांकण रबरी चेंडू दाबून फिरवून उघडलें, तों आंत स्विस असें कांहींच नव्हतें. होतें तें ‘डीजी 2813’ या नांवानें ओळखलें जाणारें चिनी यंत्र, जपानच्या सिटिझन कंपनीच्या मियोटा 8215 या यंत्राच्या धर्तीवर बेतलेलें. त्याचे ठोके तासास 21,600, म्हणजे सेकंदास सहा. हा आंकडा वाचून आम्ही चमकलों. आपल्या शास्त्रकारांनीं अहोरात्रांतले श्वास 21,600 च मानले आहेत. चार सेकंदांचा एक प्राण, सहा प्राणांचें एक पळ, साठ पळांची एक घटिका, हें कोष्टक आम्ही लहानपणीं पाठ म्हणत असूं. मनुष्य दिवसरात्रींत जितके श्वास घेतो, तितके ठोके हें यंत्र तासाभरांत देतें. योगायोगच तो, परंतु त्या दिवसापासून त्या गरीब यंत्राविषयीं आम्हांस ममता वाटूं लागली.

वर्षभरांत त्याची प्रकृति चार वेळां बिघडली. पहिलें दुखणें असें, कीं रात्रीं काढून ठेवलेलें घड्याळ सकाळीं बंद. दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता. भरलेली कमान 40 तासांच्या आसपास पुरते. परंतु दिवसभर पोथी पुढें घेऊन बसणाऱ्या म्हाताऱ्याचें मनगट हलणार तें किती! त्यांतून हा रोटर एकाच दिशेस फिरतांना कमान भरतो, उलट दिशेस नुसताच खुळखुळतो. सकाळीं स्नानानंतर किल्लीस वीस-पंचवीस फेरे देण्याचा नेम केला आणि तक्रार मिटली.

दुसऱ्या दुखण्यांत तें एकाएकीं दिवसाला दहा मिनिटें पुढें धावूं लागलें. रात्रीं आम्ही तें सूनबाईंच्या टॅब्लेटच्या चुंबकी आवरणावर ठेवीत होतों. होकायंत्र जवळ नेतांच सुई हलली आणि निदान झालें. चुंबकत्व शिरलें म्हणजे केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांस चिकटतात, तिची कामाची लांबी घटते आणि चक्र घाईनें झुलूं लागतें. चुंबकत्व उतरविण्याचें विजेचें लहान उपकरण थोडक्या पैशांत मिळतें. तें चालू ठेवून घड्याळ त्याच्यापासून हळूहळू दूर नेलें, आणि ज्वर उतरला.

तिसरें दुखणें जुनाट होतें: दिवसाला 40 सेकंद पुढें. वास्तविक 86,400 सेकंदांत 40, म्हणजे 2,160 त एक. इतक्या शब्दांच्या शुद्धलेखनांत एकच चूक करणारा विद्यार्थी आमच्या वर्गांत कधीं आला नाहीं! तरीही आठवडाभर रोज रात्रीं मोबाइलच्या वेळेशीं ताडून आम्हीं वहींत नोंदी केल्या, आणि मग चक्रावरची लहानशी तरफ उणे-चिन्हाकडे केसभर सरकविली. तिसऱ्या प्रयत्नांत फरक 12 सेकंदांवर आला. नवशिक्यानें एवढें मात्र संभाळावें, कीं हेअरस्प्रिंगला चिमटा लागूं देऊं नये. तेथें हात घसरला कीं घड्याळ संपलें. तसेंच रात्रीं नऊपासून पहाटे तीनपर्यंत किल्लीनें तारीख बदलूं नये. त्या वेळीं तारखेचीं चाकें एकमेकांत गुंतलेलीं असतात आणि त्यांचे दांत तुटण्याचा संभव असतो.

चौथें दुखणें त्या 300 मीटरांच्या ग्वाहीचें. नळाखालीं हात धुतले आणि कांचेच्या आंत धुकें जमलें. झांकण काढून, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घड्याळ रात्रभर डब्यांत ठेवलें, झांकणाखालचें रबरी कडें बदललें, आणि पुनः पाण्याची परीक्षा म्हणून घेतली नाहीं.

हीं चारी दुखणीं बरीं झालीं. पांचवें घड्याळाचें नव्हतें.

गेल्या वैशाखांत एका मुंजीस गेलों असतां एक जुना विद्यार्थी पायां पडला. तो आतां मोठ्या हुद्द्यावर आहे. आमच्या मनगटाकडे पाहून तो म्हणाला, “वा सर! स्विस घड्याळ! तुम्हांला शोभतें.” आम्ही हंसलों आणि पानें वाढलीं होतीं तिकडे वळलों. खोटा शब्द एकही उच्चारला नाहीं. परंतु आमचा बारा वर्षांचा नातू शेजारींच उभा होता. परततांना रिक्षांत त्यानें विचारलें, “आजोबा, तुम्हीं त्यांना खरें कां नाहीं सांगितलेंत?” ज्या हातानें छत्तीस वर्षें नक्कल करणाऱ्या मुलांच्या उत्तरपत्रिकांवर शून्य घातलें, त्याच हातावर ती तबकडी होती. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

रात्रीं विचार केला तेव्हां वाटलें, नक्कल सारीच सारखी नसते. 1961 मध्यें बंगळूरास एचएमटीचा घड्याळांचा कारखाना निघाला, तो याच सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें. विद्या परक्याची घेतली ती उघडपणें, आणि तबकडीवर नांव लाविलें तें आपलें. 2016 मध्यें तो व्यवसाय बंद करण्याचा निर्णय सरकारनें घेतला. तरी आमच्या वडिलांचें एचएमटी अद्याप चालतें. गुरूचा श्लोक पाठ म्हणणारा शिष्य चोर नव्हे. स्वतःचा श्लोक कालिदासाच्या नांवावर खपविणारा मात्र तोतया. परक्याचें व्यापारचिन्ह लावणें व तसा माल विकणें हा 1999 च्या कायद्यानें गुन्हा आहे, आणि त्यास कारावासाची शिक्षा आहे. घेणारा त्या गुन्ह्यास गिऱ्हाईक पुरवितो, हें आमच्या ध्यानांत फार उशिरां आलें. छंदच करावयाचा तर थोडे अधिक पैसे घालून, स्वतःचें नांव सांगणारें साधें घड्याळ घ्यावें.

दुसरे दिवशीं आम्हीं कोरी तबकडी मागविली. नातवास जवळ बसवून किल्लीचा दांडा काढला, यंत्र बाहेर घेतलें, कांटे उचलले आणि जुनी तबकडी दूर केली. नवी बसवून, तारीख बदलते त्या क्षणीं तिन्ही कांटे बारावर दाबले. सेकंदकांटा जरा वांकला. तो तसाच आहे. “आजोबा, आतां यावर नांव कोणाचें घालायचें?” “कोणाचेंच नको,” आम्ही म्हणालों. मग त्या विद्यार्थ्यास फोन करून मुंजींत राहून गेलेलें तेवढें सांगितलें. तो क्षणभर गप्प राहिला, आणि मग दुरुस्ती कशी केली, तें विचारूं लागला.

घड्याळ अजून दिवसाला 12 सेकंद पुढें जातें. कोणी वेळ विचारली तर वेळेबरोबर तेंही सांगतों.