उशाशी कोण बसणार?
वैयावृत्त्याला जैन शास्त्रांनी आभ्यंतर तपांत स्थान दिले आहे. घराघरांत मात्र हे तप बहुधा एकट्या सुनेच्या वाट्याला येते. गल्ल्यावर कोण केव्हा बसणार हे ठरलेले असते. आजाऱ्याच्या उशाशी कोण, हे कुणी ठरवत नाही.

कर्करोग आता बरा होणार नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यावरही कुटुंबे अतिदक्षता विभागाची बिले भरत राहतात. उपशामक सेवा म्हणजे आप्ताला टाकून देणे, हा समज त्यामागे असतो. तो निराधार आहे. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून अशा रुग्णांना विनामूल्य सांभाळते. पुण्यात वारजे येथील सिप्लाचे केंद्र १९९७ पासून हेच कार्य विनाशुल्क करते. शिवाय सोबतच्या नातलगाला घरच्या शुश्रूषेचे शिक्षणही देते. घराला खरा आधार मिळतो तो या शिक्षणाचा.

याला संथारा समजू नये. ते व्रत, ही चिकित्सा. चौविहार पाळणाऱ्यांनी रात्रीच्या औषधांविषयी पहिल्याच भेटीत बोलावे.

शेवटच्या उपचारांविषयीची इच्छा शुद्धीत असतानाच लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिला मान्यता दिली. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतात. मृत्युपत्र करताना हाही कागद करून घ्यावा.