हॉटेलवाल्याचा निरोपसमारंभ

'हॉटेल' हा शब्द मराठीत आला आणि इथल्या हवेने त्याचा अर्थच पालटून गेला. साहेबाच्या हॉटेलात माणूस मुक्कामाला उतरतो, आपल्या हॉटेलात तो चहा घेण्यासाठी टेकतो. चार बाके, भिंतीवर देवाची तसबीर, गल्ल्यावर यजमान, आत चुलीपाशी गृहिणी आणि शाळा सुटल्यावर टेबले पुसणारा मुलगा, एवढ्या भांडवलावर ही हॉटेले उभी राहतात. उघडताना त्यांचा नारळ फुटतो. मिटतात तेव्हा मात्र शेजारच्या दुकानदारालाही दोन दिवसांनी कळते.

गेल्या महिन्यात आमच्या समा भागातील असे एक हॉटेल बंद झाले. नाव येथे देत नाही. मालकांना ते रुचणार नाही. दिवाळे निघाले नाही, भाऊबंदकी झाली नाही. मुलगा आणि सून परगावी नोकरीस, मालकांचे गुडघे अधू, आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी ह्या भागात शिरले त्यानंतर सारे पुन्हा मांडण्याची उमेद पहिल्यासारखी उरली नाही, इतकीच कारणे. त्यांच्याकडची सेव-उसळ (मराठी उसळ आणि गुजराती शेव ह्यांचा हा संसार बडोद्याने किती सुखाने चालविला आहे!) आता मिळणार नाही, ह्याचे दुःख आहेच. परंतु आमचे म्हणणे निराळे आहे.

आम्ही सरकारी शाळेतली माणसे. आमच्याकडे निवृत्तीचे वय झाले की शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत प्रत्येकाला शाल, श्रीफळ, समूहछायाचित्र आणि भाषणे मिळतात. हयातभर ज्यांचे पटले नाही तेही त्या दिवशी गहिवरून बोलतात. मग पहाटे चारला उठून दूध तापत ठेवणाऱ्या, पाहुणे घरी आले तरी गल्ला न सोडणाऱ्या, लग्नाचे मुहूर्तसुद्धा सुट्टीचा वार पाहून धरणाऱ्या ह्या जोडप्याला निरोप कोणी द्यावयाचा? त्यांना ना निवृत्तिवेतन, ना मानपत्र. कुलूप लावले की संपले.

मुंबईने एकदा ही गोष्ट चांगली करून दाखविली. काळा घोडा परिसरातील जहांगीर कलादालनात, एका लांबट, चिंचोळ्या ओवरीत, उषा खन्ना ह्यांनी 1964 मध्ये 'समोवार' नावाचे उपाहारगृह थाटले. आगगाडीच्या डब्यासारखी ती जागा. चित्रकार, पत्रकार, नाटकवाले आणि खिशात फारसे काही नसलेले विद्यार्थी तेथे एका चहावर तासन् तास बसत. चित्रांचे प्रदर्शन घेऊन बडोद्याहून जहांगीरला गेलेल्यांनाही ही ओवरी परिचयाची होती. पुढे कलादालनाला जागा परत हवी झाली, वाद न्यायालयापर्यंत गेला, आणि अखेर 31 मार्च 2015 रोजी समोवार बंद झाले. पण तो दिवस आधी जाहीर झाला होता. शेवटच्या दिवसांत जुनी गिऱ्हाइके लोटली. माणसे आपापल्या नेहमीच्या टेबलाशी बसून गेली. त्याच काळ्या घोड्याच्या 'वेसाइड इन'मध्ये अरुण कोलटकर वर्षानुवर्षे बसत. 2004 मध्ये ते गेले, त्याच्या आधीच ते हॉटेल मिटले होते.

चहा तर घरीही होतो, मग एवढे काय, असे कोणी म्हणेल. बडोदेकरांनी तरी असे म्हणू नये. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले डॉ. आंबेडकर 1917 मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी ह्याच शहरात आले, तेव्हा हिंदू हॉटेलात त्यांना थारा मिळण्याची आशा नव्हती. पारशी विश्रांतिगृहात पारशी नाव नोंदवून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळच्या आत चालते होण्याचे बजावून गेला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडेही जागा मिळाली नाही. कमाटीबागेत बसून त्यांनी गाडीची वेळ होण्याची वाट पाहिली आणि ते मुंबईस परतले. त्या बागेतील ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. म्हणून, आलेल्या माणसाला नावगाव न विचारता 'बसा' म्हणणे आणि पाण्याचा पेला पुढे ठेवणे ह्या कृतीचे मोल आम्हाला चहाच्या किमतीत धरता येत नाही. आमच्या समातल्या मालकांनी ते उभ्या हयातीत रोज केले. रिक्षावाला आणि विद्यापीठातले प्राध्यापक त्यांच्या एकाच बाकावर बसत. त्यात आपण काही विशेष करतो आहोत असे त्यांच्या ध्यानीमनीही नसे.

तेव्हा आम्ही काही नेहमीची गिऱ्हाइके परवा त्यांच्या घरी गेलो. बंद झाल्यावर कसला समारंभ, असे मालक म्हणाले. काकूंनी मात्र भांडी अजून भंगारात दिली नसल्याचे आतूनच सांगितले. आता ठरले आहे ते असे: येत्या रविवारी सोसायटीच्या अंगणात सर्वांनी जमावयाचे, आपापली उधारी आठवून ती पाकिटात घालून आणावयाची (वही त्यांनी कधीच फाडून टाकली आहे), आणि त्या दिवशी उसळ गिऱ्हाइकांनी करून काकूंना बसल्या जागी वाढावयाची. शाल घेण्यास मालक राजी झाले आहेत. भाषणाला त्यांचा सक्त विरोध आहे. ह्या कलमावर आमची बोलणी अद्याप चालू आहेत.