पाटी बदलली, जीभ कधी बदलणार?

१३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये हुतात्मा उधमसिंग यांनी जालियनवाला बागेच्या हत्याकांडाचा जाब विचारला. मायकेल ओडवायर जागीच ठार झाला. त्या गोळीबारात जखमी झालेल्या तिघांपैकी एक होता लॉर्ड लॅमिंग्टन, मुंबई इलाख्याचा माजी गव्हर्नर. उधमसिंग त्याच वर्षी फासावर गेले. आणि मुंबईत? विजेच्या वस्तू घ्यायला निघालेला मुंबईकर आजही टॅक्सीवाल्याला सांगतो, ‘लॅमिंग्टन रोड!’ त्या रस्त्याच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर यांचे नाव आहे; पण पाटी वाचतो कोण?

शेजारचा सँडहर्स्ट रोड पाहा. लॉर्ड सँडहर्स्ट १८९५ ते १९०० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. प्लेगच्या नावाखाली पुणेकरांच्या देवघरांपर्यंत गोरे शिपाई शिरले ते याच कारकिर्दीत. लोकमान्यांवर १८९७ साली राजद्रोहाचा खटला भरला गेला तो याच कारकिर्दीत आणि चापेकर बंधू फासावर चढले तेही याच कारकिर्दीत. त्या रस्त्याला सरदार वल्लभभाई पटेल यांचे नाव दिले गेले, हे योग्यच झाले. परंतु ज्यांनी साडेपाचशेहून अधिक संस्थाने भारतात विलीन केली, त्या लोहपुरुषाचे आपण काय केले? ‘एस. व्ही. पी. रोड’!

ही आद्याक्षरांची साथ साऱ्या शहराला जडली आहे. स्वामी विवेकानंद मार्गाचा ‘एस. व्ही. रोड’ झाला, विठ्ठलभाई पटेल मार्गाचा ‘व्ही. पी. रोड’. नाना शंकरशेट यांच्या वाट्याला ‘जे. एस. एस. रोड’ आला. नाना १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे अध्यक्ष होते. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, त्या रेल्वेच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. समाजाचा रोष पत्करून त्यांनी मुलींच्या शाळेसाठी स्वतःच्या वाड्यात जागा दिली. गिरगावातल्या त्याच रस्त्याने रोज शाळेत जाणाऱ्या मुलीला ‘जे. एस. एस.’ म्हणजे कोण, हे सांगणारे कोणी नाही.

नामांतराचा विषय निघाला की तथाकथित पुरोगाम्यांना इतिहासाचा पुळका येतो. ‘नावे बदलून इतिहास बदलत नाही,’ हे त्यांचे ठरलेले पालुपद. मग इंग्रजांनी आपल्या गव्हर्नरांची नावे या भूमीवर कोरली, ती काय भूगोलाच्या अभ्यासासाठी? नाव देणे ही सत्तेची मुद्रा असते. सत्ता गेल्यावर मुद्रा पुसणे हा स्वतंत्र राष्ट्राचा सहज धर्म आहे. यात कोणा पंथाचा द्वेषही नाही. हॉर्नबी रोड दादाभाई नवरोजींच्या नावे झाला, तेव्हा कोणाही हिंदूने कपाळाला आठी घातली नाही. माहीमचा कॉजवे ज्यांच्या द्रव्यसाहाय्याने १८४५ साली उभा राहिला, त्या लेडी जमशेटजींचे नाव आजही त्या मार्गावर सन्मानाने नांदते आहे. या भूमीची सेवा ही एकच कसोटी आहे. लॅमिंग्टन आणि सँडहर्स्ट तिला उतरत नाहीत, एवढेच.

मात्र ही कसोटी आपल्यालाही लागू आहे, हे सांगण्याचे धैर्य हवे. आज गल्लीच्या प्रत्येक वळणावर चौकाचे नामकरण होते. मतपेढी सांभाळण्यासाठी, कोणा पुढाऱ्याच्या वडिलांच्या स्मरणार्थ, संगमरवरी फलक उभे राहतात. त्यावर दिवंगताच्या नावाहून उद्घाटकाचे नाव मोठे असते. अशाने ज्यांनी खरोखर हयात झिजवली, ते गिरणी कामगारांचे ना. म. जोशी आणि स्त्रीशिक्षणाचे महर्षी कर्वेही त्याच गर्दीत हरवतात. सन्मान स्वस्त झाला की तो सन्मान उरत नाही.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबईतील इंग्रजी नावांच्या रेल्वे स्थानकांची नावे बदलण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. त्यात सँडहर्स्ट रोडसाठी डोंगरी आणि मुंबई सेंट्रलसाठी नाना शंकरशेट यांचे नाव सुचवण्यात आले. स्वागतार्ह निर्णय! पण सरकार फार तर पाटी बदलू शकते. प्रत्येक पाटीवर पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची वर्षे आणि कार्याची एक ओळ मराठीत लिहिणे महापालिकेला अवघड नाही. ते नाव पूर्ण उच्चारणे मात्र समाजाचे काम आहे. दुकानाच्या फलकावर, लग्नपत्रिकेवर, रिक्षात बसताना ‘एस. व्ही. रोड’ ऐवजी ‘स्वामी विवेकानंद मार्ग’ म्हणायला चार क्षण अधिक लागतात.

ज्यांनी आयुष्य दिले, त्यांच्यासाठी चार क्षणही जड होत असतील, तर लॅमिंग्टनला दोष कशाला द्यायचा? तो केव्हाच गेला. त्याला जिवंत ठेवले आहे ते आपल्याच जिभेने.